अणू, रेणू, मूलद्रव्य, संयुग: चार शब्द, दोन वेगळे प्रश्न

शाळेच्या रसायनशास्त्रात अणू, रेणू, मूलद्रव्य आणि संयुग हे चार शब्द बहुतेक मुलं एका दमात पाठ करतात. पाठ करताना मनात आपोआप जोड्या लागतात: अणू मूलद्रव्याचा, रेणू संयुगाचा. या जोड्या चुकीच्या आहेत. पुढे सूत्रं, समीकरणं आणि मोल यांत गाडी अडते तेव्हा मूळ बऱ्याचदा इथेच सापडतं.

मूलद्रव्य आणि संयुग हे शब्द पदार्थाबद्दल आहेत. समोरचा पदार्थ एकाच प्रकारच्या अणूंचा आहे, की वेगवेगळ्या प्रकारचे अणू ठरावीक प्रमाणात जोडले जाऊन बनलाय, एवढंच ते सांगतात. अणू आणि रेणू हे शब्द कणांबद्दल आहेत. त्या पदार्थातले कण सुटे आहेत की गटागटाने बांधलेले, हे त्यांतून कळतं. दोन्ही प्रश्न वेगळे, म्हणून उत्तरंही वेगवेगळी द्यावी लागतात.

हवेतला ऑक्सिजन घ्या. पदार्थ म्हणून तो मूलद्रव्य आहे, कारण त्यात ऑक्सिजनशिवाय दुसरं काही नाही. पण त्याचे अणू सुटे फिरत नाहीत, दोन-दोन जोडलेले असतात. म्हणजे त्याचा कण रेणू आहे. ओझोनच्या रेणूत ऑक्सिजनचे तीन अणू असतात, तरी ओझोन संयुग होत नाही, कारण तिन्ही अणू एकाच मूलद्रव्याचे. फॉस्फरसच्या पांढऱ्या रूपात चार अणूंचा रेणू असतो आणि गंधकाच्या नेहमीच्या पिवळ्या स्फटिकात आठ अणूंचं कडं. हीसुद्धा मूलद्रव्यंच. हेलियम, निऑन, अरगॉन यांचे अणू मात्र एकेकटेच राहतात. लोखंड किंवा तांब्याच्या तुकड्यात तर रेणू नावाचा वेगळा गट दाखवताच येत नाही. अणूंची एकसलग रचना टोकापासून टोकापर्यंत पसरलेली असते. हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन, क्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीन ही सात मूलद्रव्यं मुक्त स्थितीत दोन अणूंच्या रेणूंची असतात, एवढं मात्र पाठच करावं. समीकरण लिहिताना नुसता एक अणू लिहून मोकळं होण्याची चूक या सातांच्या बाबतीतच सर्वांत जास्त होते.

लोखंड आणि गंधक

मिश्रण आणि संयुग यांतला फरक व्याख्येतून फारसा कळत नाही, प्रयोगातून लगेच कळतो. यासाठी लोखंडाचा कीस आणि गंधकाची पूड यांच्या प्रयोगाइतका चांगला प्रयोग शालेय रसायनशास्त्रात क्वचितच सापडेल. तो शिक्षकांच्या देखरेखीखाली, खिडक्या उघड्या ठेवून, डोळ्यांवर चष्मा लावूनच करावा.

साडेतीन ग्रॅम लोहकीस आणि दोन ग्रॅम गंधक तोलून घ्या. हे प्रमाण ७ ला ४ आहे आणि ते मनाने ठरवलेलं नाही. लोखंडाचं अणुवस्तुमान, म्हणजे अणूचं तुलनेने वजन, ५६ आणि गंधकाचं ३२. ५६ ला ३२ म्हणजेच ७ ला ४. एका अणूला एक अणू जोडायचा तर वजनं याच प्रमाणात लागतात. कागदावर दोन्ही नीट मिसळा. भिंगातून पाहिलं तर करडे आणि पिवळे कण वेगवेगळे दिसतात. चुंबकाला पातळ प्लॅस्टिक गुंडाळून तो मिश्रणावरून फिरवला की कीस उचलला जातो. प्लॅस्टिक गुंडाळलं नाही, तर कीस थेट चुंबकाला चिकटतो आणि नंतर खरवडत बसावं लागतं. किसाबरोबर थोडं गंधकही वर येतं, त्यामुळे एका फेरीत काम भागत नाही. तरी मुद्दा कळतो: दोघांनी आपापले गुणधर्म सोडलेले नाहीत. हे मिश्रण झालं. यात साडेतीनऐवजी पाच ग्रॅम कीस घातला असता तरी ते मिश्रणच राहिलं असतं.

किसाचं आणि गंधकाचं प्रमाण पुन्हा जुळवून घ्या आणि मिश्रण कठीण काचेच्या परीक्षानळीत पाव भागापर्यंत भरा. तोंडाशी ग्लास वूलचा, म्हणजे काचेच्या तंतूंच्या कापसाचा, सैल बोळा लावा, म्हणजे गंधकाची वाफ बाहेर येऊन पेट घेणार नाही. नळीचा फक्त तळ तापवा. तळाशी लालभडक ठिणगीसारखा भाग दिसला की ज्योत बाजूला करा. ती लाली विझत नाही, आपली आपण वर सरकत जाते. दोन्ही मूलद्रव्यं जोडली जाताना उष्णता बाहेर पडते आणि तीच शेजारच्या थराला तापवते. नळी पूर्ण थंड झाल्यावर आतला काळपट गोळा बाहेर काढा. तो आयर्न सल्फाइड. त्यात पिवळेपणा नाही आणि प्रमाण बरोबर असेल तर चुंबकही त्याला नीट ओढत नाही.

पुष्कळ वर्गांत नेमकं इथेच फसतं. गोळा चुंबकाला चिकटतो आणि मुलांना वाटतं, पुस्तकात खोटं लिहिलंय. त्याची कारणं साधी असतात. कीस जास्त पडला, तर शिल्लक राहिलेलं लोखंड चिकटतं. दोन ग्रॅम गंधकाला पाच ग्रॅम कीस घेतला, तर दीड ग्रॅम लोखंड तसंच उरणार. गंधकाची वाफ निसटली तरी हेच होतं. कीस गंजलेला किंवा तेलकट असेल तर अभिक्रिया अर्धवट राहते. कीस ताजा घेतला, वजन काट्यावर नीट केलं आणि तोंडाला बोळा लावला, की प्रयोग क्वचितच दगा देतो.

सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून आणखी एक फरक पाहता येतो. मिश्रणातल्या लोखंडातून हायड्रोजन निघतो, ज्याला स्वतःचा वास नाही. संयुगातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. हा वायू विषारी आहे. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो, म्हणून वास गेला म्हणजे वायू गेला असं समजू नये. हा भाग शिक्षकांनी स्वतः, अगदी चिमूटभर पदार्थावर करावा.

मिश्रण ओळखायची एक सोपी कसोटी आहे: प्रमाण बदललं तरी पदार्थाचं नाव तेच राहतं का? पितळात तांबं आणि जस्त यांचं प्रमाण कमीजास्त करता येतं आणि तरीही ते पितळच म्हणवतं, म्हणून पितळ मिश्रण. बावीस कॅरटचं सोनं, पोलाद, दूध आणि हवा ही सगळी मिश्रणं. पाण्यात मात्र वजनाने एक भाग हायड्रोजन आणि आठ भाग ऑक्सिजन असतो, मग ते विहिरीचं असो की समुद्रातून शुद्ध करून घेतलेलं.

पाण्याचं सूत्र आणि पन्नास वर्षांचा गोंधळ

अणू आणि रेणू यांची गल्लत फक्त विद्यार्थीच करतात असं नाही. एकोणिसाव्या शतकातले मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ अर्धं शतक याच जागी अडकून पडले होते.

जॉन डाल्टन यांनी १८०८ साली अणुसिद्धांत सविस्तर मांडला. पाण्याच्या कणात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो असं त्यांनी गृहीत धरलं, कारण तोच सर्वांत साधा मेळ होता. त्याच वर्षी गे-ल्युसॅक यांनी वायूंची आकारमानं मोजून दाखवलं की दोन घनफळं हायड्रोजन आणि एक घनफळ ऑक्सिजन यांपासून दोन घनफळं वाफ तयार होते. हे डाल्टन यांच्या चौकटीत बसेना. सारख्या घनफळात कणही सारखेच मानले आणि ऑक्सिजनचा कण जर एकच अणू असेल, तर एका घनफळातून दोन घनफळं वाफ मिळायला प्रत्येक अणूचे दोन तुकडे करावे लागतील आणि अणू तर फुटत नाही.

१८११ साली इटलीच्या आमेदेओ अव्होगाड्रो यांनी वाट काढली. ऑक्सिजनचा कण दोन अणूंचा असतो. फुटतो तो रेणू, अणू नव्हे. अर्धा रेणू या पाण्याच्या कणात, अर्धा त्या. त्यांच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. एकाच मूलद्रव्याचे दोन अणू एकमेकांना चिकटतील हेच अनेकांना पटत नव्हतं. अखेर १८६० साली जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथे भरलेल्या परिषदेत स्तानिस्लाओ कान्निझारो यांनी हाच विचार पुन्हा मांडला आणि अणुवस्तुमानांचा घोळ सुटू लागला. ऑक्सिजनचं अणुवस्तुमान ८ च्या आसपास नसून १६ आहे आणि पाण्यात हायड्रोजनचे दोन अणू आहेत, हे सर्वमान्य व्हायला एवढा काळ गेला. एखाद्या विद्यार्थ्याला हे समजायला आठवडाभर लागला, तर त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काहीच नाही.

दोनास एक हे प्रमाण वर्गात डोळ्यांनी पाहता येतं. प्लॅस्टिकच्या भांड्याच्या तळातून पेन्सिलीच्या शिशाच्या दोन कांड्या वर काढायच्या, पाण्यात सौम्य गंधकाम्लाचे थोडे थेंब टाकायचे, कांड्यांवर पाण्याने भरलेल्या परीक्षानळ्या उपड्या घालायच्या आणि नऊ व्होल्टची बॅटरी जोडायची. ऋण टोकाशी हायड्रोजन साधारण दुप्पट जमतो. ऑक्सिजन अनेकदा निम्म्याहूनही कमी भरतो, कारण तो पाण्यात थोडा जास्त विरघळतो आणि काही भाग शिशातल्या कार्बनलाच लागतो. आम्लाऐवजी मीठ टाकण्याचा मोह आवरा. मिठाच्या पाण्यात धन टोकाशी क्लोरीन निघायला लागतो. तो विषारी आहे आणि मग प्रमाणही जुळत नाही.

प्रोटॉन मोजले की ओळख पटते

अणूच्या मधोमध केंद्रक असतं. त्यात धनप्रभारित प्रोटॉन आणि प्रभार नसलेले न्यूट्रॉन असतात. बाहेर, कवचांमध्ये, ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन असतात. इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ चा, केंद्रकाचा १९११ चा आणि न्यूट्रॉनचा थेट १९३२ चा. केंद्रक अणूच्या मानाने इतकं लहान असतं की अणूचा व्यास त्याच्या साधारण दहा हजारपट ते लाखपट भरतो, पण जवळजवळ सगळं वस्तुमान त्या केंद्रकातच असतं.

अणू कोणत्या मूलद्रव्याचा, हे फक्त प्रोटॉनांच्या संख्येवरून ठरतं. या संख्येला अणुअंक म्हणतात. सहा प्रोटॉन म्हणजे कार्बन, सात म्हणजे नायट्रोजन, अकरा म्हणजे सोडिअम. इलेक्ट्रॉन गेले-आले, न्यूट्रॉन वाढले-घटले, तरी मूलद्रव्य तेच राहतं. आज अशी ११८ मूलद्रव्यं माहीत आहेत.

प्रोटॉन तेवढेच आणि न्यूट्रॉन वेगळे असले, तर त्यांना एकाच मूलद्रव्याची समस्थानिकं म्हणतात. कार्बन-१२ मध्ये सहा न्यूट्रॉन, कार्बन-१४ मध्ये आठ. नावापुढचा आकडा म्हणजे अणुवस्तुमानांक: प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची बेरीज. ती मोजलेली संख्या असल्यामुळे नेहमी पूर्णांकच येते. मग तक्त्यात क्लोरीनसमोर ३५.५ कसं? ते अणुवस्तुमान आहे, म्हणजे निसर्गात सापडणाऱ्या समस्थानिकांची सरासरी. क्लोरीनच्या दर चार अणूंत साधारण तीन अणू क्लोरीन-३५ चे आणि एक क्लोरीन-३७ चा असतो. तीनदा ३५ आणि एकदा ३७ मिळवून चाराने भागा, ३५.५ येतात. साडेपस्तीस वस्तुमान असलेला क्लोरीनचा एकही अणू कुठे नाही. या दोन संज्ञांची गल्लत करून ‘क्लोरीनमध्ये साडेअठरा न्यूट्रॉन असतात’ असं उत्तर लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात.

मिठाचा रेणू नसतो

सोडिअमची इलेक्ट्रॉन रचना २, ८, १ अशी आहे. शेवटच्या कवचातला एकटा इलेक्ट्रॉन तो सहज सोडतो. क्लोरीनची रचना २, ८, ७. त्याला एक हवा असतो. देवाणघेवाण झाली की दोघांच्याही बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन होतात आणि दोघांवरही प्रभार येतो. प्रभार असलेल्या अशा अणूला किंवा अणुगटाला आयन म्हणतात. सोडिअमचा आयन धन असतो, कारण त्याने इलेक्ट्रॉन गमावलाय. इलेक्ट्रॉन स्वतः ऋण आहे, तो गेला की प्रोटॉनांचं पारडं जड होतं. अधिकचं चिन्ह पाहून ‘काहीतरी मिळालं’ असं समजणं ही अगदी नेहमीची चूक.

मिठाच्या खड्यात प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन असतात आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम आयन. कोणता सोडिअम कोणत्या क्लोराइडचा, अशी जोडी लावताच येत नाही. म्हणून मीठ संयुग असूनही त्याचा रेणू नसतो. सोडिअम क्लोराइडचं सूत्र फक्त प्रमाण सांगतं: एकास एक. पाणी, साखर आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यात अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात, त्याला सहसंयुज बंध म्हणतात आणि तिथे सुटे रेणू खरोखर असतात.

सोडिअम हा पाण्याशी जोरदार अभिक्रिया करणारा धातू, म्हणून तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. क्लोरीन हा हिरवट-पिवळा विषारी वायू. दोघांचं संयुग आपण रोज आमटीत घालतो. दुधात कॅल्शिअम आहे किंवा गोळीत लोह आहे असं आपण म्हणतो, तेव्हाही तिथे धातूचा कण नसतो, त्या धातूचे आयन असतात. आपल्याकडच्या आयोडीनयुक्त मिठातही सहसा पोटॅशिअम आयोडेट हे संयुग मिसळलेलं असतं. नुसतं आयोडीन हवेत उडून जाईल. बोलताना मूलद्रव्याचं नाव घ्यायला हरकत नाही, पण उत्तरपत्रिकेत मूलद्रव्य म्हणायचंय की त्याचा आयन, हे ठरवूनच लिहावं.

संज्ञा आणि सूत्रं

मूलद्रव्याच्या संज्ञेचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत आणि दुसरं असल्यास लहान लिपीत लिहितात. हा हस्ताक्षराचा नियम वाटतो, पण चुकला तर पदार्थच बदलतो. सी मोठं आणि ओ लहान लिहिलं तर कोबाल्ट हा धातू. दोन्ही मोठी लिहिली तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू.

सूत्र लिहायला संयुजा ठाऊक हवी, म्हणजे अणूची जोडले जाण्याची क्षमता. सोडिअम आणि क्लोरीन १, मॅग्नेशिअम, कॅल्शिअम आणि ऑक्सिजन २, ॲल्युमिनिअम ३, कार्बन ४. मूलकं, म्हणजे एक होऊन वागणारे अणुगट, यांचीही संयुजा असते: हायड्रॉक्साइड आणि नायट्रेट १, सल्फेट आणि कार्बोनेट २, फॉस्फेट ३, अमोनिअम १. लोखंडाची संयुजा २ किंवा ३ असू शकते, म्हणून नावातच फेरस (२) की फेरिक (३) हे पाहून घ्यायचं.

धन भाग आधी लिहा, ऋण भाग नंतर, आणि संयुजांचा तिरकस गुणाकार करा. ॲल्युमिनिअम ३, ऑक्सिजन २. म्हणून ॲल्युमिनिअमचे दोन, ऑक्सिजनचे तीन. कॅल्शिअम हायड्रॉक्साइडमध्ये कॅल्शिअमची २ ही संयुजा हायड्रॉक्साइडकडे जाते आणि तो गट दोन अक्षरांचा असल्यामुळे कंस लागतो. कंस विसरला तर दोनचा आकडा फक्त हायड्रोजनला लागतो आणि एक ऑक्सिजन हरवतो. उलट कॅल्शिअम कार्बोनेटमध्ये मूलक एकदाच येतं, तिथे कंसाची गरज नाही.

मॅग्नेशिअम ऑक्साइडमध्ये दोनास दोन येतात, ते एकास एक करायचे. पण हा संक्षेप आयनिक संयुगांपुरता ठेवा. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या रेणूत खरोखरच दोन हायड्रोजन आणि दोन ऑक्सिजन असतात. तिथे छोटं रूप केलं तर तसा पदार्थच उरत नाही. बेन्झीनच्या रेणूतल्या सहा कार्बन आणि सहा हायड्रोजन अणूंचंही तेच.

आणखी एक सवय लावून घ्या: समीकरण संतुलित करताना सूत्राच्या पुढचे आकडे बदलायचे, सूत्राच्या आतले कधीही नाही. पाण्याच्या सूत्रापुढे दोन लिहिले तर पाण्याचे दोन रेणू होतात. आतल्या ऑक्सिजनला दोनचा पादांक, म्हणजे खाली लिहायचा छोटा आकडा, दिला तर पाण्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड होतं.

मोल म्हणजे मोजण्याचं माप

अणू मोजता येत नाहीत, तोलता येतात. म्हणून मोल लागतो. एक मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. २०१९ पासून हा आकडा व्याख्येनेच पक्का केलेला आहे. सोय अशी की रेणुवस्तुमान जेवढं, तेवढे ग्रॅम घेतले की एक मोल होतो. पाण्याचं रेणुवस्तुमान दोन हायड्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचे १६ मिळून १८. म्हणून १८ ग्रॅम पाणी, म्हणजे जेमतेम चार छोटे चमचे, हा एक मोल. मोल कशाचा, हे सांगितल्याशिवाय मात्र त्याला अर्थ नाही. ऑक्सिजनच्या अणूंचा एक मोल १६ ग्रॅम भरतो, रेणूंचा ३२ ग्रॅम.

याचा उपयोग चुनाभट्टीत दिसतो. चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेट: कॅल्शिअम ४०, कार्बन १२, तीन ऑक्सिजन ४८, एकूण १००. भाजल्यावर त्यातून कार्बन डायऑक्साइडचे ४४ निघून जातात आणि चुनकळी, म्हणजे कॅल्शिअम ऑक्साइड, ५६ उरते. १०० किलो शुद्ध चुनखडीतून जास्तीत जास्त ५६ किलो चुनकळी मिळेल, हे भट्टी पेटवण्याआधीच सांगता येतं. भट्टीतून काढलेला माल ६० किलो भरला, तर बहुधा दगड आतून कच्चा राहिलाय. यासाठी साधारण ९०० अंश सेल्सिअस तापमान लागतं आणि मोठ्या ढेकळाच्या पोटापर्यंत ते पोचायला वेळ जातो. दगडात वाळू-माती असेल तरीही वजन जास्त भरतं, कारण ती भाजून कमी होत नाही. आणि चुनकळी उघड्यावर ठेवून दुसऱ्या दिवशी तोलली, तर हवेतली वाफ शोषून ती पुन्हा जड झालेली असते. म्हणून ती थंड होताच बंद डब्यात भरून तोलायची.